मियाटाच्या पाच-गिअरी गाडीत शॉर्ट शिफ्टर बसवताना

शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअर बदलताना हाताची हालचाल कमी करणारा दांडा. गिअरचा दांडा ही मुळात एक तरफ आहे. मुठीपासून टेकूच्या गोळ्यापर्यंत 200 मिलिमीटर आणि गोळ्यापासून खालच्या टोकापर्यंत 50 मिलिमीटर असे अंतर उदाहरणादाखल धरले, तर टोक जेवढे सरकते त्याच्या चौपट हात सरकतो. हाच गोळा 10 मिलिमीटर वर घेऊन खालचा भाग तेवढाच लांबवला की ते प्रमाण सव्वातीनच्याही खाली येते, हाताची हालचाल सुमारे एक पंचमांशाने घटते आणि त्याच्या बदल्यात जोर सुमारे पाव पट जास्त लागतो. नुसता वरचा दांडा कापून आखूड केल्यानेही मूठ कमी फिरते, पण दांड्याचा कोन तोच राहतो; म्हणून गोळा वर घेणारा संच मला अधिक पटतो.

माझदा एमएक्स-5, म्हणजेच मियाटाच्या पहिल्या पिढीत हे काम सोपे आहे, कारण दांडा थेट गिअरबॉक्सवर बसतो आणि सगळे काम गाडीच्या आतूनच होते. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या बहुतेक गाड्यांत मध्ये केबल किंवा सळ्या असतात, त्यामुळे पुढील कृती तिथे लागू पडत नाही.

गाडी सपाट जागी उभी करावी, गिअरबॉक्स थंड होऊ द्यावा, हँडब्रेक ओढून चाकांना अडण लावावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. मूठ उलट्या दिशेने फिरवून काढावी आणि मधल्या कन्सोलचे स्क्रू सोडवावेत. कन्सोल उचलताना विजेच्या जोडण्या ताणल्या जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. खाली मोठे रबरी बूट, म्हणजे दांड्याभोवतीचे आवरण, दिसेल. त्याची पट्टी चार बोल्टांनी धरलेली असते, तर त्याखालचे लहान बूट आणि दांडा तीन बोल्टांनी धरलेला असतो. बोल्ट सोडण्यापूर्वी भोवतालची वाळू आणि धूळ फडक्याने पुसून घ्यावी, कारण एकदा तोंड उघडले की जे पडेल ते थेट तेलात जाते.

दांडा सरळ वर उचलावा. त्याच्या टोकावर नायलॉनचा छोटा बुश, म्हणजे घर्षण सोसणारे आवरण, असते. तो झिजून फुटलेला असेल, तर त्याचे तुकडे खालीच राहतात आणि ते चिमट्याने एक ना एक काढावे लागतात. स्प्रिंग वॉशर, प्लास्टिकची वाटी आणि गोळा कोणत्या क्रमाने व कोणत्या बाजूने बसले होते, याचा फोटो काढून ठेवावा. इथे गोंधळ झाला तर नवा दांडा सैल तरी राहतो किंवा अडकतो तरी.

दांडा ज्या खोबणीत बसतो तिच्यात स्वतःचे वेगळे तेल असते, ही गोष्ट पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही. जुने काळपट तेल सिरिंजने शोषून घ्यावे आणि 75डब्ल्यू-90 गिअर ऑइल, साधारण 80 मिलिलिटर, भरावे. दोन्ही बूटांना चीर पडली आहे का, हे याच वेळी पाहावे. लहान बूट फाटलेले असेल तर केबिनमध्ये उष्णता आणि तेलाचा वास येतो, तेव्हा ते बदलूनच टाकावे. पुन्हा कन्सोल उघडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

नवा दांडा बसवताना बुश नवा घालावा, गोळ्याला आणि बुशला ग्रीस लावावे आणि संचासोबत आलेली उंचवटा देणारी चकती असल्यास ती कोऱ्या गॅस्केटसह, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या पातळ पट्टीसह, खाली ठेवावी. बोल्ट आधी हातानेच आटे धरेपर्यंत फिरवावेत आणि मग पान्याने थोडे थोडे आळीपाळीने आवळावेत. बोल्ट ज्यात बसतात ते घर ॲल्युमिनियमचे असते. ताकद दाखवली तर आटे जातात, आणि मग एका संध्याकाळचे काम आठवडाभर लांबते.

कन्सोल लावण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहावेत. दांडा प्रत्येक गिअरमध्ये पूर्ण बसला पाहिजे आणि मूठ किंवा रबर कुठेही घासता कामा नये. पहिल्यांदा गाडी चालवताना, विशेषतः तेल थंड असताना, दुसरा गिअर घाईने ढकलू नये. जास्तीचा जोर सिंक्रोनायझरलाच, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणाऱ्या भागालाच, सोसावा लागतो.