बडोद्याहून पोर्ट ब्लेअरला (आताचे श्री विजयपुरम) बिऱ्हाड हलवताना इंधन व विजेचा हिशेब

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या स्वयंपाकघरात गॅस नळाने येतो. अंदमानात मात्र तो १४.२ किलोच्या सिलिंडरमधून, समुद्रमार्गे येतो. म्हणून निघण्यापूर्वी पाइप गॅसची जोडणी बंद करून मीटरच्या शेवटच्या नोंदीचे छायाचित्र काढावे, अनामत परत मागावी आणि तेथे शक्यतो दोन सिलिंडरांची जोडणी घ्यावी, कारण समुद्र खवळला की जहाजे रखडतात. जोडीला इंडक्शनची शेगडी असावी.

पेट्रोलची चिंता नको. तेथे त्यावरील कर कमी असल्याने ते बडोद्यापेक्षा स्वस्त पडते.

खरी काळजी विजेची घ्यावी. बेटांवर मुख्य भूमीवरून वीजवाहिनी जात नाही, वीज प्रामुख्याने डिझेल जनित्रांवर तयार होते, त्यामुळे पुरवठा खंडित होण्याची तयारी ठेवून इन्व्हर्टर घ्यावाच. दमट हवेमुळे वातानुकूलन यंत्र रात्रभर चालते. १,५०० वॅटचे यंत्र सलग तासभर चालल्यास दीड युनिट जाते, हे धरूनच मासिक अंदाज बांधावा. घर पाहताना पाण्याची टाकी उघडून पाहावी आणि उन्हाळ्यात नळाला किती दिवसांआड पाणी येते, हे शेजारच्यांना विचारावे. टँकरचा खर्च भाड्याच्या करारात कोणाकडे, तेही लिहून घ्यावे.