पावसाळी सल्ला : लोंबत्या वेलींची ओळख आधी, पाणी नंतर

पावसाळी हवा लागली की टांगत्या कुंड्यांमधल्या वेलींची खालची पाने पिवळी पडू लागतात. खत कमी पडले असे समजून वरून खत दिले जाते आणि आठवडाभरात उरलेली पानेही माना टाकतात. या दिवसांत वेल उपाशी क्वचितच असते. कुंडीतले माध्यम (मातीऐवजी भरलेले मिश्रण) सतत ओले राहून मुळांची हवा तुटलेली असते. मात्र पाणी किती थांबवायचे, हे वेल कोणती आहे त्यावर ठरते. मनी प्लांट, बदामी पानांचा फिलोडेंड्रॉन आणि चंदेरी ठिपक्यांचा सिंडॅप्सस या तिघांना एकाच नावाने विकण्याची चाल जुनी आहे. मनी प्लांटचे नामकरण 1880 मध्ये पोथॉस ऑरियस असे झाले, पुढे ते सिंडॅप्सस ऑरियस झाले आणि आज शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम आहे. पोथॉस हे नाव व्यवहारात तसेच राहिले, इतके की सिंडॅप्ससही त्याच नावाने खपतो.

ओळखताना पानाच्या आकारावर जाऊ नये. कोवळ्या आणि जून वेलीची पाने सारखी नसतात. देठ पाहावा. देठाच्या वरच्या बाजूवरून अंगठा फिरवा. मनी प्लांटच्या देठाला पन्हळीसारखी खोलगट खाच लागते आणि तिच्या कडांना पातळ पापुद्रा असतो. नवे पान आधीच्या पानाच्या देठातून सुरळी होऊन बाहेर येते. फिलोडेंड्रॉनचा देठ गोलसर लागतो. त्याचे नवे पान वेगळ्या पातळ आवरणात गुंडाळलेले असते आणि पान उलगडल्यावर ते आवरण तपकिरी, कागदासारखे होऊन पेरापाशी (पान जिथून फुटते त्या सांध्यापाशी) काही दिवस लटकते. कोवळे पान बहुधा तांबूस आणि इतके पातळ असते की उजेड आरपार दिसतो. मनी प्लांटचे पान जाड, मेणचट आणि पोपटी निघते. हवाई मुळे (पेरातून हवेत निघणारी मुळे) पाहिली तर मनी प्लांटच्या पेराला सहसा एकच जाड टोक असते, फिलोडेंड्रॉनला बारीक मुळांचा झुबका. सिंडॅप्ससचे पान हाताला मखमली लागते, त्याला चकाकी नसते. फुलाची वाट पाहू नये. मनी प्लांटमध्ये जिबरेलिन हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, त्यामुळे तो जवळपास फुलतच नाही.

आता पाणी. मनी प्लांट आणि फिलोडेंड्रॉनला वरचा 2 ते 3 सेंमी थर कोरडा झाल्यावर भरपूर पाणी द्यावे, तळातून निथळेपर्यंत. सिंडॅप्ससला निम्मी कुंडी सुकू द्यावी. तहान लागली की त्याची पाने कडेने आत वळतात, तोवर थांबले तरी बिघडत नाही. वार ठरवून पाणी देण्याची सवय या हंगामात सोडावी. त्याऐवजी कुंडी खालून तळव्यावर तोलावी. पान मलूल आणि कुंडी हलकी असेल तर पाणी द्यावे. पान मलूल आणि कुंडी जड असेल तर पाण्याचा थेंबही देऊ नये, वेल बाहेर काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात मधला दोरा उरतो.

पहाटे पानाच्या टोकाला दिसणारा स्वच्छ पाण्याचा थेंब मात्र रोग नव्हे. दमट हवेत झाड जादा पाणी असेच बाहेर टाकते.

टांगत्या कुंडीला खाली घट्ट बसणारी थाळी असते, ती पावसाळ्यात काढून ठेवावी. रोपवाटिकेत कुंड्या एकाखाली एक टांगू नयेत. वरच्या कुंडीतून गळणाऱ्या पाण्याबरोबर मूळकुजीची बुरशी आणि पानांवरचे जिवाणू खालच्या प्रत्येक कुंडीत उतरतात. एखाद्या रांगेतली रोपे वरून खाली क्रमाने कोलमडत असतील, तर कारण बहुधा हेच. पानांवर पाणचट काळे डाग पडून वास येऊ लागला तर ती पाने तोडून नष्ट करावीत आणि पाणी सकाळी, थेट माध्यमात द्यावे.

कुजलेली वेल मुळाशी औषधाचे पाणी ओतून (आळवणी करून) वाचवण्यात वेळ घालवू नये. शेंड्याकडचा निरोगी भाग कापून नवीन रोपे करावीत, हाच स्वस्त मार्ग. कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी. प्रत्येक तुकड्यावर एक पान आणि एक पेर असावे. पेराच्या वर अर्धा सेंमी आणि खाली 2 ते 3 सेंमी कांडे (दोन पेरांमधला भाग) ठेवावे. पेर नसलेले नुसते पान पाण्यात मुळे धरेल कदाचित, पण त्यातून वेल कधीच निघत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 2 भाग, परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) 1 भाग आणि चाळलेले गांडूळखत 1 भाग असे माध्यम घ्यावे. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुवावे, नाहीतर त्यातले क्षार कोवळी मुळे जाळतात. पेर माध्यमात टेकलेले आणि पान वर राहील असे लावावे. 22 ते 28 अंशांत तीन-चार आठवड्यांत मुळे सुटतात. 20 सेंमीच्या कुंडीत मुळे फुटलेले 6 ते 8 तुकडे लावले तरच ती भरगच्च दिसते. एकच लांब वेल कितीही वाढली तरी डोक्यावर टक्कलच राहते.

ढगाळ दिवसांत उजेड कमी पडतो. कांडी लांबतात, पाने लहान राहतात, पिवळ्या-पांढऱ्या छटा हिरव्यात विरतात. 75 टक्क्यांची सावलीची जाळी असेल तर 50 टक्क्यांवर यावे, पण उघडीप पडताच परत बदलावी, कारण या कोवळ्या पानांना थेट ऊन तासाभरात भाजते. पूर्ण हिरवी झालेली फांदी शेवटच्या रंगीत पानाच्या पेरावर छाटावी. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही नवी वाढ दिसत असेल तरच.

पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात लपतो. थोडा असेल तर स्पिरिटचा बोळा पुरतो. जास्त असेल तर निंबोळी तेल 5 मिली आणि सौम्य द्रव साबण 1 मिली लिटरभर पाण्यात मिसळून पानांच्या खालून सायंकाळी फवारावे.

तिन्ही वेलींच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि तुकडे मुले-जनावरांच्या तोंडी लागू देऊ नयेत. छाटलेल्या वेली बांधावर किंवा ओढ्याकाठी टाकू नयेत. उबदार, ओल्या जागी मनी प्लांटचे एक पेरही रुजते आणि झाडावर चढले की पाने हातभर होऊन खालची वाढ झाकून टाकते. तुकडे पिशवीत बंद करून पूर्ण कुजू द्यावेत, मगच खतखड्ड्यात घालावेत.