स्मोकरमध्ये चरबी पेटली तर
अमेरिकेत घरामागच्या अंगणात स्मोकरवर, म्हणजे धुरावर मांस मंद शिजवणाऱ्या झाकणाच्या शेगडीवर, तासन्‌तास ब्रिस्केट (गोवंशाच्या छातीचं मांस) किंवा पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचं मांस) लावणाऱ्यांनी एक खूण ओळखून ठेवावी: ११० अंश सेल्सिअसवर स्थिर असलेला काटा अचानक २०० च्या पुढे पळतो. बहुधा तळाशी साचलेली चरबी पेटलेली असते. झाकण उघडू नका. हवा मिळाली की भडका उडतो. पाणी तर मुळीच नको. हवेची सगळी भोकं बंद करा, पेलेटवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, चालणारा स्मोकर असेल तर वीज तोडा आणि पूर्ण गार होईपर्यंत लांब राहा. मांस गेलं तर गेलं.

खरं दुखणं आधीचं असतं. चरबीचा ट्रे प्रत्येक मोठ्या शिजवणीनंतर खरवडा. झाकणाच्या आतून सुटणारे काळे पापुद्रे बहुतेकदा रंगाचे नसतात, धूर आणि चरबीचे असतात, तेही काढा. तारेचा ब्रश मला पटत नाही, तुटलेली तार जाळीवरून थेट घासात येते. पेलेट ओलावले की भुसा होऊन ते आगीकडे ढकलणारा स्क्रू अडकतो, म्हणून ते घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवा. राख मात्र झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच, घरापासून दूर. तिच्यातला निखारा दुसऱ्या दिवशीही धगधगता असू शकतो.