साखळीचं घड्याळ कोकणात टिकवायचं तर

वेंगुर्ल्यात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरच्या काचेखाली माझी चावीची, खिशात ठेवायची जुनी घड्याळं दिसतात, त्यामुळे गोळ्या न्यायला आलेली माणसं पुढच्या खेपेला आजोबांचं घड्याळ रुमालात गुंडाळून घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ह्याका वायच खोबरेल घातला तर चलात मा?"

नाही चालणार. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. पौषातल्या सकाळी बाटलीतलं तेल पांढरं घट्ट झालेलं आपण बघतोच. शिलाई मशीनचं तेलही नको. ते पसरतं, आणि हेअरस्प्रिंगवर (घड्याळाची चाल सांभाळणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) चढलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात. मग घड्याळ घोड्यासारखं पळतं. घड्याळजी विशिष्ट तेल सुईच्या टोकाएवढं घेतो आणि नेमक्या जागी टेकवतो, बस.

दुसरा गैरसमज "चावी जास्त झाली". पूर्ण चावी भरलेली असून घड्याळ थांबलं असेल, तर आतलं तेल सुकलंय किंवा मळ साचलाय. अशा वेळी हलवून-आपटून ते चालू करू नका. कोरडी चाकं फिरत राहिली की त्यांचे बारीक आस झिजतात, आणि तो खर्च सफाईच्या कितीतरी पट असतो. दर चार-पाच वर्षांनी सफाई करून घ्यावी, चालत असलं तरीही.

विकत घेणार असाल तर गोष्टी ऐकू नका, घड्याळ बघा. "रत्नागिरी स्टेशनातल्या गार्डाचं, ब्रिटिशांच्या वेळचं" असं कुणी सांगितलं तर हसून पुढे व्हा. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली! आपल्याकडची बरीचशी घड्याळं चाकरमान्यांच्या खिशातून मुंबईहून आली. भिंगाखाली तबकडी बघा. मिन्याची तबकडी काचेसारखी चमकते, तिच्यावर केसासारख्या चिरा असल्या तरी मी घेते. आकडे जाडेभरडे आणि सेकंदाच्या छोट्या वर्तुळातल्या रेघा वाकड्या असतील तर ती नव्याने रंगवलेली. अमेरिकन घड्याळाच्या बाहेरच्या डबीवर '२० वर्षं गॅरंटी' असा ठसा असेल तर ते सोनं नव्हे, हलक्या धातूवर चढवलेला सोन्याचा पत्रा आहे. चांदीवर बहुधा ०.८०० किंवा ०.९३५ असे आकडे असतात.

झाकणाचं घड्याळ बंद करताना मात्र बघणाऱ्याचा हात लगेच ओळखू येतो. नवखा माणूस झाकण 'खट्ट' करून लावतो. त्याने आतला खटका झिजतो आणि पुढे झाकण आपोआप उघडायला लागतं. वरचं बटण अंगठ्याने दाबून धरावं, झाकण टेकवावं, मग बटण सोडावं. आवाज येताच कामा नये.

चावी रोज सकाळी ठरलेल्या वेळी द्या, घट्ट लागेपर्यंत. बहुतेक घड्याळं तासाला १८,००० ठोके टाकतात आणि एका चावीवर साधारण तीस तास चालतात. रात्री खिळ्याला टांगा, कारण उभं आणि आडवं असताना त्यांची चाल वेगळी असते. रोज दोन-तीन मिनिटं मागे पडत असेल तर मागच्या झाकणाआतला बारीक काटा A कडे सरकवायचा, पुढे जात असेल तर R कडे. तोही केसभरच, मग आठवडाभर हात लावायचा नाही. घड्याळ एकाएकी फार पुढे जायला लागलं तर लोहचुंबकाचा संशय घ्या. मोबाइलच्या कव्हरात, स्पीकरमध्ये तो असतोच.

खरी कसोटी जून ते सप्टेंबर. खारी दमट हवा पोलादी भागांवर गंज धरते, आणि एकदा हेअरस्प्रिंग गंजली की घड्याळजीही हात टेकतो. पावसाळ्यात मी घड्याळं हवाबंद डब्यात ठेवते, बरोबर सिलिका जेल. गोळ्यांच्या बरण्यांतून निघणाऱ्या पुड्या तोकड्या पडतात. रंग बदलणारे नारिंगी दाणे आणा. ते हिरवे झाले की मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात, पण जेवणाच्या तव्यावर नको. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरणाऱ्यांना माझा नमस्कार. पिठाची धूळ थेट चाकांत जाते. चांदीच्या घड्याळाला रबरबँडही लावू नका, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते.

घड्याळ पाण्यात पडलं तर चावी देऊ नका, उन्हात वाळवत बसू नका, त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. आणि कोणाकडेही द्यायच्या आधी एवढं विचारा: सगळं खोलून, भाग सुटे करून धुणार का? "खोलायची गरज नाही, वरून तेल मारतो" म्हणाला, तर घड्याळ उचला आणि सावंतवाडीची एसटी पकडा.