दहा बाय दहाच्या खोलीत आठ इंची मॉनिटर

मार्चमध्ये एका पोराचा फोन आला. "दादा, चाळीस हजार जमवले. कोणते मॉनिटर घेऊ?" मॉनिटर म्हणजे गाणं मिक्स करताना ऐकायचे स्टुडिओतले स्पीकर. मी विचारलं, खोली केवढी आहे? तर म्हणतो, "खोलीचं जाऊ द्या ना, मी मॉनिटरचं विचारून राहिलो." त्याला काय हसणार? आठ वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

तेव्हा मी नागपूरच्या हनुमाननगरात घराच्या वरच्या मजल्यावर मिक्सिंग करायचो, म्हणजे गाण्यातल्या वेगवेगळ्या आवाजांचं प्रमाण बसवायचो. भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं, भीमगीतं, झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी, पोट भरायला कोचिंग क्लासच्या जाहिराती. ऐकायला एक जुनं होम थिएटर आणि मोबाईलबरोबर आलेला इअरफोन. पैसे साठले तसा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने पाच इंची वूफरची (खालचे स्वर काढणारा मोठा पडदा) जोडी लावली, मग आठ इंची लावली आणि लावताना आवाजाचा खटका हळूच वर सरकवला. "बेस पाहा भाऊ, बेस!" शर्ट हलला माझा. तिथेच पैसे मोजले. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो तोच माणसाला चांगला वाटतो, एवढं साधं मला कळत नव्हतं. आता कुणाबरोबर दुकानात गेलो तर दोन्ही जोड्यांचा आवाज आधी मोबाईलच्या डेसिबल मीटरवर सारखा करून घेतो. दुकानदार वैतागतो, वैतागू द्यावं.

खोली दहा बाय दहा, स्लॅबही दहा फुटांवर. टेबल कुठे ठेवायचं याचा विचार केलाच नाही. खुर्ची आली बरोब्बर मधोमध.

पहिलं मोठं काम १४ एप्रिलसाठीचं भीमगीत. गाणं पांढरी सहाचं. बास गिटार सारखी 'सा'वर येऊन बसत होती, आणि नेमकी तिथेच मला ती ऐकू येत नव्हती. बाकीचे स्वर ठणठणीत, 'सा' गायब. मला वाटलं वादकानेच हात आखडता घेतलाय. ५५ हर्ट्झच्या (सेकंदाला ५५ कंपनं) आसपास सहा डीबी (डेसिबल) चढवले. उलट ढोलकीचा घुमारा कानावर आदळत होता, म्हणून ११० च्या आसपास भरपूर कापलं. खोलीत गाणं असं सुरेख जमलं की रात्री अडीचला एकटाच टाळ्या वाजवत बसलो होतो.

सकाळी मंडळाच्या अध्यक्षांच्या गाडीत लावलं. पहिलं कडवं संपायच्या आत ते म्हणाले, "भाऊ, ढोलकी कुठं गेली? नुसता ट्रक चालू हाय."

चूक वादकाची नव्हती, आणि खरं तर स्पीकरचीही नव्हती. हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाच्या वेगाला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की येतात ५६ हर्ट्झ. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये या स्वराची लाट अडकून उभी राहते: भिंतीजवळ तो फुगतो, मधोमध मरतो. त्याच्या दुपटीचा, म्हणजे ११३ चा स्वर मात्र मधोमध फुगतो. बास गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची, आणि पांढरी सहा म्हणजे ए. म्हणजे मी बरोबर खड्ड्यात बसून खड्डा भरत होतो आणि टेकाडावर बसून टेकाड खोदत होतो. त्यात लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, म्हणजे तिन्ही दिशांचे खड्डे एकाच स्वरावर. मिक्सिंगसाठी चौकोनी डब्यासारख्या खोलीइतकी वाईट खोली नाही, आणि आपल्याकडे घर बांधताना बऱ्याच खोल्या तशाच निघतात.

(आवाजाचा वेग उन्हाने वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, तो ३५८ च्या घरात जातो, म्हणजे माझा ५६ चा खड्डा ५९ च्या जवळ सरकतो. याचा उपयोग शून्य, पण मला मजा वाटते.)

हे स्वतः ऐकून पाहा. मोबाईलवर टोन जनरेटरचं फुकट ॲप मिळतं. मोबाईल मॉनिटरला जोडून ५६ चा सूर लावा, आवाज बेताचा ठेवा आणि खोलीत हळूहळू चाला. मी पहिल्यांदा केलं तेव्हा खुर्चीत बसलो तर जवळजवळ शांतता. उठून कोपऱ्यात गेलो तर कान दाबल्यासारखे झाले आणि आईच्या लोखंडी कपाटाची मूठ तडतड वाजायला लागली. खालून आई ओरडली, "काय करून राहिला रे बाप्पा, दारात ट्रक उभा हाय काय?" दोन दिवसांत दोघांना ट्रक आठवला, तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

मग मी कोणता स्पीकर घ्यायचा हे सोडून कुठे बसायचं ते शोधलं. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर कान, ही सुरुवात करायची जागा. दहा फुटांत पुढच्या भिंतीपासून सुमारे पावणेचार फूट. हा काही वेदमंत्र नाही, तिथून अर्धा फूट पुढेमागे सरकून ऐकायचं. डावी-उजवीकडे मात्र मधोमधच बसावं लागतं, नाहीतर स्टीरिओ कलतो. दोन स्पीकर आणि डोकं यांचा त्रिकोण समभुज हवा. माझ्या खोलीत एकेक बाजू सव्वातीन फुटांच्या आसपास आली. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीला. स्पीकर टेबलावर थेट ठेवले की टेबलच गायला लागतं, म्हणून खाली जाड फोम. स्टँडला पैसे नव्हते तेव्हा मी सिमेंटच्या विटा रचून त्यावर फोम टाकला होता. दिसायला भिकार, कामाला उत्तम.

भिंतीपासून किती अंतर? बरेच जण सांगतात लांब ठेवा. मोठ्या खोलीत ठीक आहे. छोट्या खोलीत स्पीकरचं तोंड भिंतीपासून तीन फुटांवर आलं, तर मागून परतलेला आवाज पुढच्याला मारतो आणि ९४ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे थेट ढोलकीच्या पोटात. तेच अंतर एक फूट केलं की खड्डा २८० च्या वर सरकतो आणि तिथे आवाज शोषणारं चार इंची पॅनेल त्याला आवरू शकतं. भिंतीजवळ गेल्याने खालचा आवाज सगळाच थोडा फुगतो, पण त्यासाठी स्पीकरच्या पाठीवर खटका असतो. यामाहाच्या एचएस मालिकेत त्याला रूम कंट्रोल म्हणतात: शून्य, उणे दोन, उणे चार डीबी. तो खटका शोभेचा नाही. मागे पोर्टचं, म्हणजे हवा जायचं भोक असेल तर भिंतीला चिकटवू नका, चार-सहा बोटं तरी सोडा.

आता भिंती. अंड्यांचे ट्रे लावू नका. एक इंची काळा फोमही नको. दोन्ही फक्त वरचा आवाज खातात, खालचा तसाच ठेवतात, आणि खोली आणखी कोंदट होते. मी मात्र लावले होते ट्रे, आणि त्यांच्या मागे पालींनी संसार मांडला. आधी घरातलीच युक्ती करा. विदर्भात कापसाला काय तोटा? जुन्या कापसाच्या गाद्या घट्ट गुंडाळून चारही कोपऱ्यांत उभ्या केल्या, तर शे-सव्वाशे हर्ट्झच्या वरचा गोंधळ कानाला जाणवण्याइतका कमी होतो. ५६ वर मात्र गादी काही करत नाही. त्या लाटेची लांबीच वीस फूट, तिला गादी म्हणजे पापड. पुढे सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या सहा चौकटी करून घेतल्या, आत चार इंच रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वर सुती कापड. रॉकवूल इमारतीच्या इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे मिळतं, ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो) मागा. हाताळताना मोजे आणि मास्क घाला, मी पहिल्या दिवशी घातले नाहीत आणि रात्रभर खाजवत बसलो.

चौकटी कुठे लावायच्या ते आरसा सांगतो. तुम्ही खुर्चीत बसा, बहिणीला किंवा मित्राला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात ट्वीटर दिसेल तिथे चौकट. छतालाही हेच.

हे सगळं झाल्यावर मॉनिटरची निवड उरते, आणि ती फार छोटी उरते. दहा बाय दहाला पाच इंची वूफर. त्याहून लहान खोलीला साडेतीन-चार इंचीही चालतात. सात-आठ इंचीला निदान बारा बाय सोळाची, नीट आवरलेली खोली हवी. पाच इंचीत ५० हर्ट्झच्या खालचं फारसं ऐकू येत नाही, हे खरंय. एचएस ५ चा कागदावरचा आकडाच ५४ हर्ट्झपासून सुरू होतो. पण जे खोलीत खोटं ऐकू येणार, ते ऐकू न आलेलं बरं. तेवढा तळाचा भाग मी चांगल्या हेडफोनवर तपासतो.

पाच इंचीत यामाहा एचएस ५, जेबीएल ३०५पी, केआरके रॉकिट ५, ॲडम टी५व्ही, कुठलेही घ्या. यांच्यातल्या फरकापेक्षा खुर्ची एक फूट सरकवल्याने पडणारा फरक मोठा असतो. माझा कल एचएसकडे, कारण मधला पट्टा तो उघडा पाडतो आणि आपल्या गाण्यांत बरंच काही मधल्याच पट्ट्यात घडतं: गळा, पेटी. त्याचा पांढरा वूफर यामाहाच्याच जुन्या एनएस-१० ची आठवण. १९७८ साली तो घरी ऐकायचा स्पीकर म्हणून आला, घरच्या लोकांना रुचला नाही, आणि जगभरच्या स्टुडिओंनी उचलला. वरचा आवाज इतका बोचरा की इंजिनिअर ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. तरी २००१ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत तो टेबलावरून हलला नाही, कारण त्याच्यावर जमलेलं मिक्स बाहेर कुठेही चालायचं.

घेताना दोन गोष्टी. किंमत जोडीची आहे की एकाची ते विचारा, बरेच मॉडेल सुटे विकले जातात आणि पोरं एकाच स्पीकरच्या किमतीवर खूश होऊन बसतात. आणि गाणं न लावता ट्वीटरजवळ कान न्या. काहींतून बारीक सळसळ येते, तीन फुटांवर बसून शांत भजन मिक्स करताना ती छळते.

केबल बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची गुणगुण कमी पकडणारी घ्या, टीआरएस किंवा एक्सएलआर पिनची. ऑडिओ इंटरफेसही (कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्यामधलं यंत्र) अशी केबल लागणाराच घ्या. गुणगुण आली तर ती बहुधा अर्थिंगची. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. माझ्याकडच्या इलेक्ट्रिशियनने "गुणगुण घालवतो" म्हणून प्लगची जाड पिन पकडीने तोडायला घेतली होती. तोडू देऊ नका, शॉकपासून वाचवणारी तीच आहे. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या आणि घराची अर्थिंग करून घ्या.

आवाज किती ठेवायचा, याचं उत्तर नागपुरात कूलर देतो. मे महिन्यात कूलर चालू ठेवला की रिव्हर्बची, म्हणजे आवाजामागे रेंगाळणाऱ्या घुमण्याची शेपटी त्याच्या घरघरीत बुडते, बंद ठेवला की आपण बुडतो घामात. कूलरवर मात करायला आवाज वाढवला की आणखी घोटाळा. आवाज कमी असताना कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, वाढवला की भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. म्हणून एक पातळी धरून ठेवायची. मी ७५ डीबीच्या आसपास खूण करून ठेवली आहे, आवाजाच्या खटक्यावर नेलपॉलिशचा ठिपका. उन्हाळ्यात खोली आधी तासभर गार करतो, मग कूलर बंद, वीस मिनिटं काम, पुन्हा कूलर. बॅलन्सचे निर्णय त्या वीस मिनिटांत, एडिटिंगची हमाली कूलरमध्ये. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी मात्र सुटी, त्या गोंगाटात कुठलाच मॉनिटर चालत नाही.

नवीन स्पीकर आले की पहिले दहा-पंधरा दिवस मिक्स करू नका. कानात मुरलेली गाणी नुसती ऐका, दाबून लहान केलेली एमपी३ नको, पूर्ण वेव्ह फाइल. ढोलकी किती पुढे आहे, गळा किती कोरडा आहे, ते कागदावर लिहून काढा. मग तीच गाणी गाडीत, मोबाईलवर, ब्लूटूथ डब्यावर. स्पीकरची भाषा अशीच कळते.

आणि आपलं गाणं शेवटी कुठे वाजणार ते जाऊन ऐका. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर दुकानादुकानांतून भीमगीतं वाजत असतात, कुठे मोठे टॉप स्पीकर, कुठे नुसता भोंगा. भोंग्यात खालचा पट्टा जवळपास नसतोच. एका वर्षी माझंच गाणं भोंग्यावर ऐकलं आणि बास गिटार गाण्यात आहे की नाही हेच कळेना. तेव्हापासून बासवर थोडं सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेला किंचित खरखरीतपणा) देतो, म्हणजे ११०, १६५, २२० वरच्या तिच्या सावल्या भोंग्यातूनही निघतात आणि कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो.

फोन करणाऱ्या पोराने शेवटी टेप घेऊन खोली मोजली. नऊ बाय अकरा, स्लॅब साडेनऊ. माझ्यापेक्षा नशीबवान, तिन्ही मापं वेगळी. पाच इंची जोडी घेतली, उरलेल्या पैशांत चार चौकटी केल्या आणि टेबल फिरवून पुढे अकरा फुटांची लांबी घेतली.

माझे आठ इंची दोन वर्षांनी विकले. वडशाचे एक नाटकवाले घेऊन गेले, तालमीच्या हॉलसाठी. मूळ खोकी आणि थर्माकोल मी जपून ठेवला होता, म्हणून भाव बरा आला.