मागच्या ओळीत उभं राहणाऱ्यांसाठी

कोकणात नाच शिकणाऱ्या पोरींची किंमत ठरवायला माणसं कमी नाहीत. पूजेच्या रेकॉर्ड डान्स स्पर्धेचे परीक्षक असतात, गणपतीत मुंबईहून आलेली मावशी असते ("काय गो, जाडी झालंस?"), आणि हल्ली रीलखालचे आकडेही असतात. मी रत्नागिरीत कथक शिकवते. क्लासला नव्याने येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते की यातल्या कुणीही तुमचा रियाज पाहिलेला नाही.

रेकॉर्ड डान्सला मी नावं ठेवत नाही, स्टेजची भीती तिथेच मोडते. पण तिथल्या निकालात गाणं, ड्रेस आणि टाळ्या यांचाही वाटा असतो. म्हणून स्वतःचं स्वतःला तपासता येईल असं काहीतरी हाताशी ठेवा. कथकात ते आयतंच मिळतं. तिहाईचा, म्हणजे तीनदा घ्यायच्या बोलांचा, शेवटचा 'धा' समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडला की नाही, हे सांगायला परीक्षक लागत नाही. हातावर तीनताल धरा, 16 मात्रा मोजा आणि तुकड्याची (नाचाच्या छोट्या रचनेची) पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, आधी ठायीत (मूळ लयीत), मग दुगुणीत (दुप्पट लयीत) करा. तोंडात बसला की पायात उतरतोच, थोडा उशिरा का होईना.

पावसाळ्यात लाईट गेली की आमचा क्लास असाच चालतो. स्पीकर बंद, आरसा दिसेनासा, आणि पोरी फरशीवर मांडी घालून एकमेकींच्या टाळीवर बोल म्हणतात. आरशासमोर अंग चोरणाऱ्या पोरीचा आवाज त्या अंधारात खणखणीत लागलेला मी अनेकदा ऐकलाय.

ओळीचं दुखणं मात्र जुनंच. मागे उभं केलं की घरी जाऊन रडायच्या आधी बाईंना कारण विचारा. बहुतेक वेळा उंची असते, नाहीतर जोडी जुळवायची असते. काम कच्चं असेल तर नेमकं कुठे, ते विचारून घ्या. आपल्या कोकणातल्या जाखडी नाचात गाणारे-वाजवणारे मधे बसतात आणि नाचणारे भोवती फेर धरतात, तिथे पुढची ओळ हा प्रकारच नाही. ओळी ही रंगमंचाची सोय आहे, गुणवत्ता यादी नव्हे.

चुका वहीत लिहा, पण बाई बोलल्या तशाच. "चक्कर घेताना डावा खांदा वर जातो" एवढंच. त्याखाली "मला जमतच नाही" असं लिहिलंत तर ते खोडा. खांदा आठवड्याभरात खाली आणता येतो, "जमतच नाही"चा रियाज कसा करणार?

आता खाण्याचं, कारण इथे मी कडक आहे. कार्यक्रम जवळ आला की भात बंद, रात्रीचं जेवण बंद, हे प्रकार नकोत. कमी खाऊन जास्त नाचलं की पाळी चुकायला लागते, पुढे हाडंही कमकुवत होतात. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायचं, "प्रॅक्टिसमुळे असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही. मन फारच खचलं, झोप उडाली, तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो.

पाय दुखावला की विश्रांती घ्यायची पोरींना भीतीच वाटते. मागे पडू, बाई विसरतील. लादीवर जोरात तत्कार (पायांचे ठेके) करून नडगी धरली असेल तर बसून राहा, पढंत करा, दुसऱ्यांना ताल द्या. आणि नाचाशिवायचंही काहीतरी चालू ठेवा. दशावतारातले कितीतरी कलाकार रात्री राजा होतात आणि दिवसा शेतात राबतात.

राहिला प्रश्न अंगावरून, रंगावरून घालूनपाडून बोलणाऱ्या क्लासचा. सोडा म्हणणं सोपं आहे, पण आसपास दुसरा क्लासच नसेल तर? आईला नाहीतर बाबांना चार दिवस क्लासमध्ये येऊन बसायला सांगा. बोलण्याची पद्धत बरीच बदलते. नाहीच बदलली तर दुसरी सोय होईपर्यंत घरी रियाज चालू ठेवा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खाली सतरंजी घाला, नाहीतर खालचे काका भांडायला येतील.