घरात मानसिक आजार असेल तर बोलताना या चुका टाळा

औषधं डॉक्टर देतात, पण दिवसभर कानावर पडतं ते घरच्यांचं बोलणं. त्यातली सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न भांडणात काढणं. दीर वाटणीबद्दल बोलायला लागला, आवाज जरा चढला, की वहिनी विचारते, “भाऊजी, आज गोळी घेतलीत ना?” झालं, विषय तिथेच बंद. त्याचा मुद्दा बरोबर होता का, हे कोणी बघतच नाही. असं वारंवार झालं की माणूस बोलणं सोडतो आणि राग काढतो गोळीवर. चौकशी रोज जेवण झाल्यावर, शांतपणे करा. वादात मुद्द्याला मुद्द्यानेच उत्तर द्या. झोप उडाली, संशय वाढला असं खरंच दिसत असेल, तर डॉक्टरांना कळवा.

‘तो स्किझोफ्रेनिक आहे’ असं म्हणू नका. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. शिवाय तो शिक्षक आहे, कोणाचा मामा आहे, कॅरम छान खेळतो. या आजारात भास होतात, भ्रम होतात. एका अंगात दोन माणसं राहत नाहीत. तो गैरसमज नावामुळेच बळावतो. जपानमध्ये जुन्या नावाचा अर्थ ‘मन दुभंगण्याचा आजार’ असा होता. रुग्णांच्या कुटुंबीयांनी लावून धरल्यावर 2002 मध्ये तिथे नाव बदललं, आणि त्यानंतर डॉक्टर रुग्णाला निदान जास्त मोकळेपणाने सांगू लागले. आपल्याकडचा ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही मला त्याच कारणासाठी नकोसा वाटतो.

‘येरवड्याला पाठवीन’, ‘ठाण्याला भरती करू’ हे चेष्टेतही नको. उद्या दाखल करायची वेळ आलीच, तर त्याला ती शिक्षाच वाटणार.

‘नाटकं करतोय’, ‘जास्त विचार करू नकोस’ हेही बंद करा. ‘बिचारा’सुद्धा.

पुण्यातल्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मला हे शब्द आवडतात, पण आधी ज्याचं त्याला विचारा. कोणाला साधं नावच बरं वाटतं.

शेजारी खोदून विचारू लागले तर ‘तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत’ एवढं पुरे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराबद्दल गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्यामुळे कोणाला किती सांगायचं, हे आधी त्याच्याशी बोलून ठरवा.